पूर्वजाच्या बोटातली अंगठी

प्लास्टरकाकांना रागावलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या संग्रहालयात शोधून सापडला नसता, आणि त्या मंगळवारी तर त्यांनी नव्या बाईंच्या तोंडावर दार आपटलं. दार त्यांच्या कार्यशाळेचं. तळघरातल्या त्या लांबट खोलीत काका तेहेतीस वर्षं साचे घेत, पुतळे उभे करत आले होते. दार आपटून झाल्यावर लक्षात आलं, की चहाचा पेला बाहेरच राहिला. मग पाच मिनिटांनी गुपचूप दार उघडावं लागलं. रागवायलासुद्धा सवय लागते, ती काकांना कुठली?

भांडण एका माकडावरून झालं, असं शिपाई सांगत सुटला. त्याचं काय ऐकायचं म्हणा. वरच्या दालनात काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेले पाच पुतळे ओळीनं उभे होते. शेवटचा ताठ चालणारा माणूस, आणि पहिला, सगळ्यात जुना पूर्वज, वाकलेला, बोटं मुडपून त्यांची पेरं जमिनीला टेकत चालणारा. चिंपांझी नि गोरिला मुठीवर चालतात ना, तसा. त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं होतं की पूर्वज असेच चालत, म्हणून काकांनी तसा केला. आता हाडांचा अभ्यास केलेल्या या बाई आल्या आणि म्हणाल्या, पहिला काढायचा.

बाईंनी समजावलं होतं बरं का, अगदी निवांत बसून. जुन्या मनगटांच्या हाडांत मुठीवर चालल्याच्या खुणा आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात. दुसरे म्हणतात, तेवढ्यावरून काही ठरत नाही. चिंपांझीचं मनगट एका तऱ्हेनं वजन पेलतं, गोरिलाचं दुसऱ्या, तेव्हा ती चाल दोघांनी आपापली उचलली असेल. आपले पूर्वज कदाचित झाडावरच, वरची फांदी धरून, दोन पायांवर चालायला लागले असतील.

"नक्की कुणालाच माहीत नाही, काका," बाई म्हणाल्या. "आणि आपला पुतळा बघा, सगळं माहीत असल्यासारखा उभा आहे."

काकांना हे सगळं कळलं होतं. दार आपटलं ते वेगळ्याच कारणानं.

तेहेतीस वर्षांपूर्वी त्या पुतळ्याचा उजवा हात काही केल्या साधेना. चार वेळा केला, चारही वेळा बिघडला. लग्नाला तीन महिने झाले होते. बायको डबा घेऊन आली, नवऱ्याचं रडवेलं तोंड पाहिलं आणि बाही वर सारून म्हणाली, साच्याला माझी मूठ घ्या. घेतली. नंतर काकांनी बोटं लांबवली, पंजा रुंद केला, वर केस चिकटवले. पण गडबडीत बायको अंगठी काढायला विसरली होती आणि काका बघायला विसरले होते. पूर्वजाच्या बोटाला अंगठीची खाच पडली. बुजवायला दोन मिनिटं लागली असती. काकांच्यानं ते झालं नाही.

दीड वर्षापूर्वी काकूंना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय परत आला, हात आला नाही. बोटं आत वळली ती वळलीच. सुजलेल्या बोटातली अंगठी दवाखान्यात कापावी लागली. तेव्हापासून तो हात शालीखाली. सख्ख्या बहिणीसमोरही काढायच्या नाहीत. संग्रहालयात येणं तर बंदच. काका मात्र रोज सकाळी, दालन उघडायच्या आधी, मऊ फडक्यानं पूर्वजाचा हात पुसायचे. बायकोचा धडधाकट उजवा हात आता जगात तेवढाच उरला होता, आणि तो बाई काढायला निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः चहा घेऊन खाली आल्या.

"एक विचारू, काका? तुमच्या पूर्वजाचं लग्न झालं होतं का?"

इतक्या वर्षांत हजारोंनी तो हात पाहिला असेल, खाच कुणाच्या नजरेला पडली नव्हती. काका हसले, आणि हसता हसता त्यांना रडूच आलं. मग सगळं सांगितलं. बाई प्लास्टरच्या पोत्यावर बसून ऐकत राहिल्या. पुतळा राहू दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या त्या. एवढंच म्हणाल्या, की नवा पूर्वज फांदी धरून उभा करायचा, त्याला हात कुणाचा घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी काकांनी घरी भीत भीत विषय काढला. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्यांनाच झापलं.

"मग काढा की. तेवीस वर्षांच्या पोरीचा हात तो. किती दिवस पुसत बसणार आहात?"

जेवणं झाली, भांडी झाली. काकूंनी विचारलं, फांदी धरलेला हात दिसतो कसा? काकांनी काकूंच्याच चालायच्या काठीभोवती बोटं वळवून दाखवली. काकू बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी शालीतून आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि टेबलावर ठेवला.

"हा उघडत नाही," त्या म्हणाल्या. "पण धरायचंच असेल, तर उघडायला कशाला हवा?"

सुट्टीच्या दिवशी दोघं तळघरात आले. काकांनी कोमट पाण्याच्या फडक्यानं एकेक बोट शेकून सैल केलं, साल काढलेली फांदी आत सरकवली, आणि बोटं आपोआप तिच्याभोवती मिटली. दाताचे डॉक्टर मापाला वापरतात ती पूड बादलीत कालवली आणि हात फांदीसकट तिच्यात बुडवला. गार आहे हो, असं काकू पुटपुटल्या. घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ काका त्यांचं कोपर धरून होते. शेवटी काकांनी खिशातून सांधून आणलेली अंगठी काढली. दुसरा साचा अंगठी घालून घ्यावा, असं त्यांच्या मनात होतं.

"नको," काकू म्हणाल्या. "आता पूर्वजांची लग्नं लावू नका. बाई ओरडतील."

अंगठी मग त्यांनी डाव्या हाताच्या करंगळीत घालून घेतली.

जुना पूर्वज कार्यशाळेत आला, शिपाई त्याच्या पाठीवर छत्री वाळत घालतो. वर नवा उभा आहे, फांदीवर दोन पायांनी, उजव्या हातानं वरची फांदी धरून. शेजारच्या पाटीवर बाईंनी लिहिलं आहे : आपले पूर्वज मुठीवर चालत होते का? अजून ठरलेलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी काकू आल्या, शाल लपेटून. एक शिक्षिका आपल्या वर्गाला सांगत होत्या, हात बघा कसा घट्ट धरलाय, जिवंत वाटतो की नाही. काकूंनी काठी भिंतीला टेकवली, शाल काढून काकांच्या हातात दिली आणि आपला वळलेला हात सगळ्या वर्गासमोर धरला.

"माझा आहे," त्या म्हणाल्या.

पोरं एकदा वर बघत, एकदा काकूंच्या हाताकडे. मग एकेक करून जवळ आली. काका शाल सांभाळत मागे उभे राहिले. घरी जाईपर्यंत काकूंनी ती परत मागितली नाही.