धाकटीचा मास्तर आणि आप्पांच्या खिडक्या

माझी धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर इतकं नाजूक काम करणारी बाई स्वभावानेही मऊ असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा आमच्या घरी येऊन तिच्या पिंजऱ्यापाशी सेंट मारून दाखवावा. माझ्या नवऱ्याने एकदा मारला होता. त्या दिवसापासून तो सेंट जिन्यात उभा राहून लावतो.

लग्न करून आली तेव्हा तिच्या सामानात एक कॉकटील जातीचा पोपट होता. करड्या रंगाचा, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. सकाळी उठल्यापासून शीळ घालून घरातल्या एकेकाची हजेरी घ्यायचा म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. मागाहून दोन बजी आल्या, चिमणीएवढ्या पोपटांच्या जातीतल्या, पण त्या आपल्या आपसात चिवचिव करून खूश. घरावर राज्य मास्तरचं. मला पक्ष्यांचं वेड नाही, आधीच सांगते. पिसं झाडून माझी कंबर मोडते. त्याचा पिंजरा सुताराने मागच्या खोलीत बसून बांधला, आणि बांधून झाल्यावर कळलं की तो दारातून बाहेर निघतच नाही. मी कपाळाला हात लावला. धाकटी म्हणाली, काढायचाय कुणाला?

ती रोज कामावरून आली की पक्षी मोकळे सोडायची. त्याआधी घरातल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या पाहिजेत, आणि ते काम आप्पांचं. आप्पा म्हणजे आमचे सासरे. निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी कामं आम्ही त्यांच्या हातातून कौतुकाने काढून घेतली होती. हे एक धाकटीने त्यांना दिलं. तिची यायची वेळ झाली की ते उठायचे, एकेका खिडकीची कडी लावायचे, तळव्याने दाबून बघायचे आणि शेवटी मागच्या खोलीत येऊन मोठ्याने म्हणायचे, "बंद!" त्यांनी तसं म्हटल्याशिवाय धाकटी पिंजऱ्याला हात लावायची नाही. दार उघडलं की मास्तर निघायचा तो थेट आप्पांच्या खांद्यावर. मग दोघांचं शीळ घालणं सुरू. कान किटून जायचे.

तर कितीतरी वर्षं नवऱ्याचं डोकं खाऊन मी नवीन स्वयंपाकघर पदरात पाडून घेतलं. जुना ओटा फोडायचा, फरशी बदलायची, कपाटं करायची, घराला रंग. मी हरखून गेले होते, आणि धाकटी मात्र कॉन्ट्रॅक्टरला समोर बसवून त्याची उलटतपासणी घेत होती. रंग कोणता, डिंक कोणता, पॉलिश कुठे करणार. पक्ष्यांची छाती एवढीशी, आपल्याला नुसतं डोकं दुखेल अशा वासाने ते जागच्या जागी मरतात, हे तिने त्याला बजावून सांगितलं. नवीन नॉनस्टिक तवासुद्धा तिने मला परत करायला लावला, का तर तो जास्त तापला की त्याची वाफ पक्ष्यांना विष. कॉन्ट्रॅक्टर हसला. म्हणाला, अहो ताई, अशा घरांत माणसं राहतात की.

"माणसं दार उघडून बाहेर जातात," धाकटी म्हणाली. "यांचं दार मी लावलंय. तेव्हा यांचं काय होईल ते माझ्यावर आहे."

कॉन्ट्रॅक्टरचं हसणं तिथेच थांबलं. फोडाफोड सुरू झाल्यावर पक्ष्यांची खोली कायम बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल, धुळीचं काम असेल तेव्हा पिंजऱ्यावर ओली चादर. पॉलिश बाहेर गच्चीत व्हायचं, आणि त्या दिवशी पक्षी सकाळीच तिच्या आईकडे. मी तिला म्हटलंही, अगं, माझ्या बाळंतपणातसुद्धा कुणी एवढे नखरे केले नव्हते. ती म्हणाली, तुम्ही ओरडून सांगू शकत होतात, वहिनी.

एवढा बंदोबस्त, पण एक गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नाही. मागच्या मोठ्या आजारात आप्पांना वास येणं गेलं ते गेलंच. दूध करपून भांडं काळं झालं तरी ते शेजारी बसून पेपर वाचतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी खिडक्यांच्या चौकटींना धाकटीने निवडलेला बिनवासाचा रंग लागला. रंगारी मला सांगून गेला, ओल्या आहेत, उद्यापर्यंत लावू नका. दुपारी, पॉलिशचा दिवस नसताना, पॉलिशवाला टपकला. दुसरीकडचं काम लवकर संपलं म्हणे. गच्चीवर वाऱ्याने धूळ उडत होती, ती ओल्या पॉलिशवर बसायला लागली, म्हणून त्याने माझ्या कपाटांची दारं उचलून खुशाल स्वयंपाकघरात आणली आणि उरलेलं काम तिथे उरकलं. मी तेव्हा खाली कॉन्ट्रॅक्टरशी हँडलवरून भांडत होते. तोंडाचा पट्टा सुटला की मला वेळेचं भान राहत नाही. पॉलिशवाला निघून गेला, आणि धाकटीची यायची वेळ झाली तसे आप्पा उठले. त्यांनी नेहमीसारख्या सगळ्या खिडक्या लावल्या, तळव्याने दाबून बघितल्या, मागच्या खोलीचा ओला टॉवेल बाजूला केला आणि दार सताड उघडून खुर्चीत तिची वाट बघत बसले.

ती आणि मी एकदमच दारात पोचलो. मी कुलूप उघडलं आणि वास नाकात घुसला. डोळ्यांतून पाणी आलं. धाकटी चप्पल न काढता आत धावली.

"बंद!" आप्पा आतून म्हणाले.

दोघी बजी अंग फुगवून काठीवर बसल्या होत्या. मास्तर पिंजऱ्याच्या तळाशी होता, चोच उघडी, शेपूट श्वासाबरोबर वरखाली होत होती. पिंजरा बाहेर निघणारा नाही, छोटा पिंजरा तिच्या आईकडे नेऊन ठेवलेला, आणि बाहेर जायची वाट त्याच स्वयंपाकघरावरून. धाकटीने खिडकीची कडी काढून जोर लावला. खिडकी हलेना. ओल्या रंगाने झडपा चौकटीला घट्ट चिकटल्या होत्या. मी पण लावला जोर, नखं तुटली.

तिने पिंजऱ्यावर चादर फेकली. स्वयंपाकघरातला सगळा पसारा त्या खोलीतच रचलेला होता, त्यातून खलबत्त्यातला बत्ता ओढून काढला आणि आदल्याच दिवशी बसवलेल्या कोऱ्या काचेवर घातला. एकदा नाही फुटली. दुसऱ्यांदा फुटली. आयुष्यभर काचेला ओरखडा उठू नये म्हणून जीव टाकणारी बाई ती, पण झडपेत एक तुकडा शिल्लक ठेवला नाही. बाहेरच्या गजांवर काचा खळाखळा आपटल्या आणि वारा आत आला. तिने मास्तरला ओंजळीत घेऊन गजांशी धरलं. मनगटातून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती फक्त म्हणत होती, घे, श्वास घे, घे रे.

पक्ष्यांच्या डॉक्टरने त्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवून घेतलं. मी दगडाच्या काळजाची आहे असं घरात समजतात. त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून रडले.

मास्तर वाचला. अशक्त झाला, पण घरी आला. आप्पांनी मात्र हाय खाल्ली. त्यांना कुणी एका शब्दाने बोललं नाही, तरी ते म्हणाले, "माझ्या हातून मेला असता तो. आता मी खिडकीला हात लावायचा नाही." आणि हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

घरातलं काम संपलं, वास गेला, मास्तर पुन्हा हजेरी घ्यायला लागला. संध्याकाळी बाहेर यायला तो पिंजऱ्यात आदळआपट करायचा. धाकटी पिंजरा उघडेना. दीर खिडक्या लावायला उठला, तर त्याला तिने खाली बसवलं. मी उठले, तर मलाही. म्हणाली, हे काम आप्पांचं आहे. अगं पण ते करत नाहीत ना आता, मी करवादले. नाही करत तोवर नाही उघडणार, ती म्हणाली. रोज ती कामावरून यायची, पिंजऱ्यापाशी उभी राहायची आणि हॉलकडे बघून सांगायची, "आप्पा, खिडक्या." मास्तर किंचाळायचा, आप्पा भिंतीकडे बघायचे. सून आणि सासरा, दोघांत हट्टी कोण ते ठरेना. आम्ही हात टेकले.

एका संध्याकाळी मास्तरने किंचाळणं सोडून आप्पांची ती जुनी शीळ घातली, अर्धीच. दम पुरला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आप्पा उठले. पुढच्या खोलीची खिडकी त्यांनी धरली, पण लावली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थोरले, जरा नाक घेऊन ये."

मी गेले. हुंगलं. काही नाही, म्हटलं. त्यांनी कडी लावली, तळव्याने दाबली. मग पुढची खिडकी, मग स्वयंपाकघर, प्रत्येक ठिकाणी आधी माझं नाक, मग त्यांचा हात. शेवटी मागच्या खोलीत आलो. फुटलेल्या झडपेवर अजून पुठ्ठाच होता. त्यांनी तो चारही बाजूंनी चाचपला आणि माझ्याकडे बघितलं.

"बंद," आप्पा म्हणाले.

"वास नाही," मी म्हटलं.

धाकटीने पिंजरा उघडला.