पिक्सेलबाईचा डोंगर

पिक्सेलबाईला खोटं म्हणून बोलता यायचं नाही. माझ्या सासूबाईंनी हौसेनं केलेलं वांग्याचं भरीत पहिल्याच दिवशी चाखून म्हणाली, "आजी, मीठ जास्त झालंय." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

आमच्या डोईफोडिया गावात ती संशोधनासाठी दोन-तीन वर्षं आमच्याकडेच राहिली. वाढली कागद कारखान्याच्या वसाहतीत आणि अभ्यास बांबूचा, तोही उपग्रहाच्या फोटोंवरून. लॅपटॉपवरचा एक रंगीत चौकोन दाखवायची, "काकू, हा एक पिक्सेल. तुमच्या अंगणाएवढं रान." मग नाव पडायला किती वेळ! पण फोटोवर तिचा भरवसा नसे. "आकाश चुगली करतं, खरंखोटं पायांनी बघायचं," म्हणत भर उन्हात डोंगर चढायची.

एका पावसाळ्यात सगळं रान हिरवं झालं, पण आमच्या मागचा डोंगर तिच्या फोटोत तपकिरीच राहिला. बाई वर जाऊन आली ती वाळक्या फुलोऱ्याची काडी घेऊनच. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, हे आम्हीही ऐकून होतो. इथं मात्र अख्खा डोंगर एकदम फुलून मेला होता.

"बी पडलंय, बोटभर रोपं आलीत," ती म्हणाली. "पण उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की रोपंही गेली. मग केळीला बांबूचे टेकू कुठून आणाल?"

आमचं पोट केळीच्या बागेवर. टेकूशिवाय केळीचा घड उभा राहतो होय?

धास्ती होती मोहाची. आमच्याकडे मोह गळायला लागला की झाडाखालचा पाला पेटवतात, म्हणजे साफ जमिनीवर फुलं वेचता येतात. बाई घरोघर फिरली, "यंदा झाडून घ्या, पेटवू नका." स्वतः खराटा घेऊन झाडांखाली उभी राहिली. लोक हसले, पण ऐकलं. सासूबाई तेवढ्या फणफणल्या, "काल आलेली पोर मला मोह वेचायला शिकवते का!"

आणि एका सकाळी त्यांनीच काडी ओढली. जाळ नेहमीएवढाच होता, पण वारा फिरला आणि तो बांबूत शिरला. बंदुका उडाव्यात तशी पेरं फुटायला लागली. बाई धावली, तिच्यामागं आम्ही सगळे. नाकातोंडात धूर, हातात हिरव्या फांद्या, दुपारपर्यंत नुसतं झोडपत होतो. वरची बाजू गेली. खालची रोपांसकट राहिली. सासूबाई काडेपेटी मुठीत धरून बसल्या होत्या. बाईनं ती काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

जंगलखात्याचे साहेब आले ते तापलेलेच. "मॅडम, आग किसने लगाई? केस तो बनेगा."

मी बाईकडे बघितलं. हिला तर खोटं येत नाही!

बाईनं तोंडावरची काजळी पुसली. "उपग्रहातून माणूस दिसत नाही, साहेब."

त्या दिवशी ती जेवली नाही. पावसाच्या तोंडावर काम आवरून निघाली, तेव्हा सासूबाईंनी तिची ओटी भरली. "पोरी" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

पुढं तिचं संशोधन छापून आलं. मी हरखून फोन केला, "आमचा डोंगर कुठल्या पानावर आहे गं?"

"तो काढून टाकला, काकू."

"अगं, त्याच्यापायी तुझी एवढी वर्षं गेली!"

"आग कशी लागली, ते लिहावं लागलं असतं."