दिराचे डोळे

मागची खोली मी राखाडी रंगवली. पोपटी भिंतीमुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग डोळ्यांना फसवतात, असं बायकोला समजावलं. "घराला राख फासलीत," ती म्हणाली, आणि तरी शिलाई मशीनचं टेबल मोकळं करून दिलं. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून ते तीनदा फिरवलं. खाऱ्या हवेपासून जपायला स्कॅनरवर तिचं जुनं लुगडं. पंचाहत्तरीत मी नव्या दुकानाचा मुहूर्त असल्यासारखा घरभर नाचत होतो.

हा खटाटोप एका फोटोसाठी. काशीदजवळ माझा स्टुडिओ होता, तेव्हा कोळीवाड्यातला एक नाखवा समुद्रात बुडाला. भिंतीवर लावायला घरच्यांना त्याचा फोटो हवा होता. माझ्याकडे नारळी पौर्णिमेला त्याचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा होडीपाशी काढलेला होता. त्यात या नाखव्याने नेमकी मान हलवलेली, चेहरा पुसटलेला. गेलेल्या माणसाचे डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत, ही आमच्या धंद्याची रीत. मी धाकट्या भावाचे डोळे कापून याच्या चेहऱ्यावर बसवले, ब्रशने सांधे बुजवले. कुणाला बोललो नाही. त्याची बायको चाळीस वर्षं त्या फोटोला हार घालते आहे.

फिल्मच्या त्याच पट्टीवर आणखी एक निगेटिव्ह होती. उजेड कमी पडलेली. तेव्हा कागदावर नुसता काळोख उतरायचा. परवा ती स्कॅन केली, पडद्यावर उजेड हळूहळू वाढवत नेला, आणि आधी टोपी आली, मग एक कान, मग तो! हसणारा, समोरचा दात तुटलेला. मी असा ओरडलो की बायको पिठाच्या हातांनी धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोला बोलावलं, पडद्यासमोर बसवलं आणि आधी सगळं कबूल केलं.

"मला पयल्याच दिवशी दिसलं, भाऊ. डोळं माझ्या दिराचं हायत."

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"सासू रोज त्या फोटोशी बोलायची. तिला काय सांगू?"

मी चित्र उघडलं. ती पुढे सरकली. मग हसली. "हे तर माझ्या नातवाएवढं दिसतात!"

त्याच्या गालावर बुरशीचा ठिपका होता. माझा हात आपसूक माउसकडे गेला.

"काय करताय?"

"डाग काढतो. दातही बसवता येईल."

"न्हाय. आता त्यांना हात लावू नका."

मी हात मागे घेतला आणि तो होता तसाच छापला.