डावा पाय

माझी आई शनिवार पेठेत आणि कसब्यात घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावायची, न्हाऊ घालायची. सही करण्यापुरतं शिकलेली. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. ती ज्या घरांत जायची, तिथे माझं शिक्षण माझ्याआधी पोचलेलं असायचं. "मावशींची मुलगी डॉक्टर होतेय."

त्या वर्षी बालरोग विभागात मी पहिल्यांदाच जात होते. सरांनी एक गोष्ट मनावर ठसवली होती: वेगळं दिसतं ते सगळं आजार नसतं. पाठीवरचे निळसर डाग, हिरड्यांवरचे पांढरे दाणे, मांड्यांवरच्या कमी-जास्त वळ्या. आईबापांना उगाच घाबरवू नका. मला हे फार आवडलं. आमच्या घरी घाबरण्याचीच सवय होती.

आई तेव्हा शनिवार पेठेतल्या एका तीन महिन्यांच्या मुलीकडे जायची. एकदा जेवताना म्हणाली, "त्या पोरीच्या डाव्या मांडीला एक वळी जास्त आहे. आणि तो पाय उजव्याएवढा फाकत नाही."

"वळ्या असतात गं तशा. नॉर्मल आहे."

"अडतो म्हणतेय मी."

"आई, कालच शिकवलंय आम्हाला."

तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुलीच्या आजींना सांगितलं आणि आजींनी मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा बाळ माझ्या आईच्या पसरलेल्या पायांवर होतं, तेलाने चकचकीत. बाळाची आई दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"हात लावून बघ," आई म्हणाली. "हा इथे अडतो."

मी वाकले. वळ्या मोजल्या. हात लावला नाही. हात तेलकट होतील, मला कॉलेजला जायचंय, असं कारण मी बरेच दिवस स्वतःला देत होते. खरं म्हणजे परक्या घरात, लोकांसमोर आईने मला शिकवावं, हे मला नको होतं.

"काही नाही, आजी. नॉर्मल आहे."

'तरी डॉक्टरांना दाखवा' हे पुढचं वाक्य मी म्हटलं की नाही, नीट आठवत नाही. बहुधा नाहीच.

"ऐकलंत ना, मावशी?" आजी म्हणाल्या. "पाय मोजायचे सोडा आता. अंघोळ घाला."

लसीच्या वेळी त्यांनी डॉक्टरांकडे विषयसुद्धा काढला नाही. घरच्यासारख्या मुलीने सांगितलं होतं ना.

मुलगी चालायला लागली ती डावीकडे झुकत. एक्स-रेमध्ये दिसलं, खुब्याचा गोळा खोबणीत नव्हताच. तीन महिन्यांची असताना कळलं असतं, तर बहुधा पट्टे बांधून भागलं असतं. आता ऑपरेशन झालं आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर.

त्यांच्या घरात ठरलं की मावशींनी पाय ओढला. पेठेतल्या बातमीला बसचं तिकीट लागत नाही. पुढच्या काही दिवसांत तीन घरांनी आईला नको सांगितलं. एकीने तर जिन्यातूनच, "तुमचा हात जड आहे म्हणे हो, मावशी." आई उलटून एक शब्द बोलली नाही. खरं काय ते सांगितलं असतं, तर तिला माझं नाव घ्यावं लागलं असतं.

शेवटी मी त्या घरी गेले. महिनाभर उशिरा. मध्ये परीक्षा होती, आणि परीक्षा संपल्यावरही मी आठ दिवस काढले. आजी दारातच उभ्या राहिल्या.

"आजी, आईने पाय ओढला नाही. मालिशने असं होत नाही. तिने आधीच ओळखलं होतं. चूक माझी आहे."

"वा! आईची बाजू घ्यायला बरं शिकवतात हो कॉलेजात."

आतून मुलीची कुरकुर ऐकू येत होती. तिची आई बाहेर आली. मला वाटलं, ती ओरडेल. तिने फक्त विचारलं, "तेव्हा हात का नाही लावलास?"

तिच्या लक्षात होतं. दार लागलं.

आईला पुन्हा कुणी बाळ दिलं नाही. ती आता पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मी वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक बाळाचे गुडघे दुमडून पाय बाजूला नेऊन बघते. एकदा, दोनदा. सीनियर म्हणतात, "अगं, तो सर्दीसाठी आलाय." मी तरी बघते. पण थोडासा अडणारा पाय मला कळेल की नाही, याची अजून खात्री वाटत नाही.

परवा स्वयंपाकघरात आईला विचारलं, "अडतो म्हणजे हाताला नेमकं काय लागतं गं? दाखव ना एकदा." उशी दुमडून मी तिच्यापुढे धरली होती.

"तेव्हा दाखवतच होते की," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.