धुरंधरांच्या हातचं मीठ

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचारीबुवांना सगळे धुरंधर म्हणत. पराक्रमासाठी नव्हे, मागच्या दारात उभं राहून त्यांनी जन्मभर सिगारेटचा जो धूर सोडला त्यासाठी. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताला चव अशी की फाटकावरचा पहारेकरी पाळी संपली तरी रश्श्यासाठी रेंगाळायचा.

बायकोच्या पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलं होतं.

"मीठ अगदी कमी. आणि घरात सिगारेट कोण ओढतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायको भिंतीकडे बघत राहिली. तिचं ते नजर चुकवणं धुरंधरांना असं झोंबलं, की त्यांनी तिथल्या तिथे पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"टाकणं सोपं असतं," बाई म्हणाल्या. "डोकं भणभणेल, चिडचिड होईल. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढा. घोट घोट पाणी प्या, हात कामात ठेवा. आणि एकच ओढून बघू, असं मनाला म्हणू देऊ नका."

धुरंधरांनी पाणी पिऊन पोटाचा हंडा केला. हात गुंतवायला इतके बटाटे सोलले की मदतनीस बाई म्हणाली, "अहो, उद्यासाठी काही ठेवा की!" ते तिच्यावर खेकसले, मग झाऱ्यावर, मग उकळी येईना म्हणून पाण्यावर. झोप उडाली, खोकला उलट वाढला. पण ओढली नाही.

मग जीभ जागी झाली. एका सकाळी स्वतःचाच रस्सा चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. खारट ढाण! त्यांनी मीठ निम्म्यावर आणलं, तर दुपारी ताटं तशीच परत आली.

"धुरंधर, सिगारेट सोडलीत की मीठ?" कामगार ओरडले.

इतकी वर्षं धुरानं बधिरलेल्या जिभेवर चाखून ते मीठ घालत आले होते, आणि अख्ख्या कारखान्याच्या तीच चव अंगवळणी पडली होती. आता अंदाजच येईना. एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी तोंडात धरवेना. या वयात स्वतःच्या हातावरचा विश्वास उडणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायचं?

"तुमचा हात गेला हो," मॅनेजर म्हणाला. "असंच चाललं तर दुसरा माणूस बघावा लागेल." मग आवाज खाली आणून, "एखादी ओढून बघा ना. येईल जुनी चव."

त्या संध्याकाळी धुरंधरांनी एक सुटी सिगारेट घेतली. जेवण झालं की गच्चीवर जायचं, एकच ओढायची. नोकरी गेली तर बायकोची औषधं कुठून आणणार, असं ते वाटभर स्वतःला समजावत राहिले.

बायको कालच घरी आली होती. धुरंधर नको नको म्हणत असताना तिनं स्वयंपाक केला होता. दोघं जेवायला बसली. धुरंधरांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. भाजी कँटीनसारखीच खारट होती.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि सवयीनं मिठाचं भांडं पुढे सरकवलं. "अळणी झाली का?"

धुरंधरांची नजर तिच्या ताटाकडे गेली. तीच भाजी, तीच आमटी.

"अगं, तू पण हेच खातेस?"

"मग?"

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुला..."

"तुम्हाला अळणी जात नाही घशाखाली. पहिल्यापासूनच. आणि दोन माणसांसाठी दोन भाज्या कोण करणार?" ती घास मोडत म्हणाली. "मला झालीय आता सवय."