दादाच्या टॅक्सीचं इंजिन

मिस्त्री,

तुला जाऊन महिना होत आला. गॅरेजचं शटर बंदच आहे आणि त्यावर कुणा शहाण्याने सोफ्याच्या दुकानाची जाहिरात चिकटवली आहे. तू असतास तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास.

तोंडाचा तू तिखटच. माझी गाडी पहिल्यांदा आणली, तेव्हा डिपस्टिक माझ्या नाकासमोर धरून म्हणालास, "बाई, हे ऑइल आहे की डांबर? घरी चहाचं भांडं तरी घासता ना?"

"नवरा घासतो," मी म्हटलं.

"मग यापुढे गाडी घेऊन त्यांनाच पाठवा."

तेव्हापासून आपलं जमलं. ऑइल वेळेवर बदला, हा तुझा धोशा. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं ते औषध, ओतायला तू साफ नकार द्यायचास. साचलेला गाळ एकदम सुटतो, पंपाच्या जाळीत अडकतो, ऑइल वर चढत नाही आणि इंजिन जाम होतं. त्यापेक्षा नुसतं ऑइल घाला, थोडं चालवा, काढा, पुन्हा घाला. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे गेलं तर जाऊ द्यायचास.

आणि नेमका दादापुढे नमलास. वडिलांमागे टॅक्सी चालवून तुला वाढवणारा थोरला भाऊ. ऑइलच्या बाबतीत मात्र महा आळशी.

"दादा, दोनदा बदलू. सावकाश."

"परक्यांची कामं झटपट, आणि घरच्याला सावकाश? उद्या लांबचं भाडं आहे. ओत ते."

ओतलंस. दुसऱ्या दिवशी भर चढावर, गाडीत प्रवासी असताना, इंजिन बसलं. दादाने गॅरेजात येऊन सगळ्यांदेखत सुनावलं, "तुला उभं केलं आणि तूच मला बसवलंस!" टॅक्सी लेकीच्या अंगणात नेऊन ठेवली, तुझा हात लागू दिला नाही. बोलणं बंद.

त्यानेच हट्ट धरला होता, याबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. मी छेडलं तर म्हणालास, "तो ड्रायव्हर, बाई. बाटली माझ्या हातात होती."

मग भंगारातून तसलंच इंजिन आणून तू ते जुळवत बसलास. काम संपलं की वरची चादर सारून त्याच्याशीच झटापट. तयार झालं की दादाकडे जायचं, मीही सोबत यायचं. "तुमच्यासमोर तो दार लावणार नाही," म्हणायचास. पण दर वेळी काहीतरी निघायचं. व्हॉल्व्ह वाजतोय, सील पाझरतंय.

शेवटी मी वैतागले. "अरे, इंजिन मरू दे, तोंड दाखव त्याला!"

"येत्या रविवारी, बाई. नक्की."

रविवारी सकाळी तुझ्या दाराशी गाडी उभी करून मी हॉर्न वाजवला. तुझी बायको बाहेर आली. पायांत चपला नव्हत्या. तिच्या मागून, दाराची चौकट धरून, दादा आला. तू पहाटेच, झोपेत, गेला होतास.

तुला गाडीत घालून त्याच्याकडे न्यायचं होतं. राहिलं.