गव्हावरचं दळण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आमच्या घरात तर डाळीत किडा निघाला तरी एकमेकांना हाक मारून दाखवायची पद्धत आहे. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. आमच्या मूल गावात मला ओळखणारी माणसं फार आहेत, आणि ती सगळी मला चांगली समजतात. तीच तर अडचण आहे.

मी अंगणवाडीत होते, सव्वीस वर्षं. निवृत्त झाल्यावर केक करायला लागले, तेही एका मुलीसाठी. आमच्या घरामागे वंदना राहते, तिची श्रावणी. लहानपणी ती मुलगी म्हणजे काटकी. पोट तेवढं फुगलेलं. जंताची औषधं झाली, ताकदीची झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिलिअॅक. गव्हात जो चिकटपणा असतो, ग्लुटेन म्हणतात त्याला, तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा बंद. जन्मभर. अगदी कणभरसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, धानाच्या पट्ट्यात राहता, दोन्ही वेळ भात खाता, तुमचं गव्हावाचून काय अडतं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण सणाला पुरी असते, दिवाळीला करंजी, चहासोबत बिस्किट आणि वाढदिवसाला केक. गहू आमच्याकडे पोटासाठी नसतो, आनंदासाठी असतो. आणि त्या प्रत्येक आनंदाच्या वेळी ही पोर दारात उभी राहून बघायची.

मग मी शिकले. मोबाईलवर बघून, चुकत चुकत. तांदळाच्या पिठाचा पहिला केक निघाला तो पाहून आमचे हे म्हणाले, "याच्यानं न्हाणीची पायरी बांधता येईल." खोटं नव्हतं ते. मग कळलं की पीठ नुसतं बारीक असून भागत नाही, धरून ठेवणारं काही लागतं. ईसबगोल भिजवून घातला, दही घातलं, अंडी जास्त फेसली, थोडं बटाट्याचं स्टार्च. आठव्या का नवव्या खेपेला केक फुगला. श्रावणीनं पहिला तुकडा तोंडात घेतला आणि चावलाच नाही, नुसता धरून बसली. तेव्हा मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

हळूहळू नाव झालं. चंद्रपूरहून, गडचिरोलीहून लोक विचारत यायचे. मी फक्त तांदळासाठी वेगळी घरघंटी, म्हणजे घरातली छोटी चक्की घेतली, घरात मैदा आणणं बंद केलं. आणि उपदेश करायला लागले. अंगणवाडीची सवय — बोलायला उभी राहिले की बसत नाही. आजारी लेकरांच्या आयांना बजावायची: पोळपाट वेगळा ठेवा, तेल वेगळं ठेवा, आणि गावातल्या चक्कीवरचं पीठ या लेकरांना कधीच देऊ नका. जात्यात गव्हाचं पीठ उरलेलं असतं. हे मी बोलत होते. हे लक्षात ठेवा, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आता त्या आठवड्याकडे येते. किती वेळ टाळणार?

श्रावणी अकरा वर्षांची होणार होती. दोन वर्षं पथ्य पाळून अंगावर मांस आलं होतं, आणि पायात तर काय आलं होतं देव जाणे, पळायला लागली की थांबायची नाही. धावण्याच्या जोरावर तिची चंद्रपूरच्या एका निवासी शाळेत निवड झाली होती. घरात चर्चा एकच: तिथं जेवणाचं कसं? मीच पुढे झाले. पीठ, बिस्किटं, सगळं दर आठवड्याला मी पाठवीन. तिचा बाप राइस मिलमध्ये दिवाणजी, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तिनं तोंड सांभाळलं पाहिजे, बस. मंग धाडतो." श्रावणीनं आईच्या गळ्याची शपथ घेतली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी माझ्या घरघंटीचा पट्टा तुटला. दुरुस्तीवाला आठ दिवसांनी येणार होता. मोठा केक करायचा होता, मिलमधली माणसं येणार होती, शिवाय आठवड्याची बिस्किटं. मी तांदळाचा डबा उचलला आणि चक्कीवर गेले.

चक्कीची रीत तुम्हाला ठाऊक असेल. गव्हावर गहू टाकतात, तांदळावर तांदूळ. मध्ये बदल करायचा तर पसाभर दाणे टाकून आधीचं पीठ काढून टाकतात. त्या सकाळी गव्हाच्या डब्यांची रांग होती, तांदळाची पाळी दुपारनंतर. चक्कीवाला ओळखीचा. त्यानं माझा डबा बघितला आणि विचारलं, "काकू, गव्हावर टाकू का? तांदळाले लय टाइम हाय."

मी म्हणाले, "टाक."

एवढंच. एक शब्द. दुपारपर्यंत थांबले असते तरी चक्कीचं ते पीठ त्या मुलीला चालणारं नव्हतंच. पण मिक्सर होता घरात. तांदूळ मिक्सरमधून काढून, दोनदा चाळून करता आलं असतं, हात भरून आले असते एवढंच. मला तेवढं करायचं नव्हतं. आणि आणखी एक — हे लिहिताना हात थांबतो आहे — मनाच्या तळाशी मला कुठेतरी वाटत होतं की चिमूटभरानं काय होतं? सगळ्या तालुक्याला शिकवलं, आणि माझा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता.

वाढदिवस छान झाला. वंदना सगळ्यांना सांगत होती, "काकूच्या हातचं हाय, बिनधास्त खा बाई तू." श्रावणीनं दोन तुकडे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी कळलं की तिला बरं नाही. पाचव्या दिवशी मी बघायला गेले. इतके दिवस का नाही गेले? तुम्हाला कळलं असेल. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडली होती, तोंड आतून आलेलं, डोळे खोल. उशाशी एक बशी होती. तिच्यात माझी बिस्किटं. वंदना म्हणाली, "दुसरं काईच पोटात ठरत नाई, काकू. म्हून हेच देऊन राह्यली. हे तर तिले चालते ना."

मी बशी उचलली. म्हणाले, ही मऊ पडली आहेत, ताजी आणून देते. डब्यातली उरलेलीही मागून घेतली. घरी येऊन सगळं परसात पुरलं, राहिलेल्या पिठासकट. ताजी बिस्किटं मिक्सरच्या पिठाची केली. त्या वेळी हात भरून आले नाहीत.

आठ-दहा दिवसांत ती उठून बसली. आणि मग घरात विचारणं सुरू झालं. गहू पोटात गेला कुठून? त्याच आठवड्यात शाळेत कोणीतरी समोसे वाटले होते. बापानं विचारलं, आईनं विचारलं. पोरगी एकच सांगत होती, "मी काईच नाई खाल्ली." वंदनानं तिला मारलंही. आधी कधी हात न लावलेली मुलगी.

मी हे परसाच्या भिंतीआडून ऐकत होते. तेव्हा जाऊन सांगता आलं असतं. लाज वाटली असती, वंदना वाटेल ते बोलली असती, गावात नाव गेलं असतं. बस. याहून जास्त काही झालं नसतं.

संध्याकाळी वंदनाच मला बोलवायला आली. "तुमीच विचारा तिले, काकू. तुमचं आयकते थे."

आणि मी गेले. श्रावणीच्या समोर बसले, तिचा हात हातात घेतला. अंगणवाडीत रुसलेल्या लेकरांशी बोलायचा माझा एक आवाज आहे, त्या आवाजात म्हणाले, "खरं सांग बेटा. कोणी रागावणार नाई. खाल्ला ना समोसा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "खाल्ला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरानंच संन्याशाच्या गळ्यात फास घातला होता, तोही गोंजारत. वंदना रडायला लागली. बाप बाजूला उभा होता, तो एवढंच बोलला, "घरी असून सांभाळता नाई येत, तं तिथी काय सांभाळन?" निवासी शाळेचा कागद त्यानं भरलाच नाही. मी त्याला समजावलं का? समजावलं. म्हणाले, पोर आहे, एकदा चुकली, माफ करा. तिच्या चुकीची माफी मागितली मी.

श्रावणी इथल्याच शाळेत शिकली. वर्षभर पळाली, मग पळणं सुटलं. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पथ्य इतकं कडक पाळते की लग्नकार्यात पाणीसुद्धा घरचं नेते. रविवारी माझ्याकडे केक शिकायला येते. हात चांगला आहे तिचा, माझ्याहून हलका.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी पीठ चाळत होतो. एकदम म्हणाली, "काकू, एक सांगू? मी तो समोसा खाल्ली नवती."

माझी चाळणी थांबली. मी म्हणाले, "मले माहीत हाय."

खरंच तेवढं निघालं तोंडातून. पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण तिनं चाळणी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. पिठाचे हात माझ्या पाठीवर. रडत रडत म्हणाली, "आई-बाबाले तं नवताच, पण तुमाले तरी माझ्यावर विश्वास होता."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आणि तिला तसं वाटू दिलं.